दुसरी तार

वीज पडते, लाईट जाते आणि करंट बसतो. एकाच वस्तूची ही तीन नावे आमच्या गावाकडे इतक्या काटेकोरपणे वापरतात की, कुणी ‘वीज गेली’ असे म्हटले तर तो मनुष्य शहरातून आला असावा असे खुशाल समजावे. शास्त्राच्या पुस्तकात या तिन्हींना मिळून ‘विद्युत्’ असे एकच भारदस्त नाव आहे. नाव भारदस्त झाले की वस्तू घरातली वाटेनाशी होते, हा मला कार्यालयात रोज येणारा अनुभव आहे. साधी खुर्चीदेखील सरकारी परिभाषेत ‘उपस्कर’ झाली की तिच्यावर बसण्याचा धीर होत नाही.

माझी कन्या मनू पाचव्या इयत्तेत आहे. आम्ही गेली सहा वर्षे दिल्लीत आहोत. त्याआधी जबलपूरला होतो. तिचे सारे शिक्षण हिंदीत आणि इंग्रजीत झालेले. आपल्यासारख्या बदलीवाल्यांच्या घरी मराठी ही स्वयंपाकघराची आणि रागावण्याची भाषा म्हणून उरते, हे येथील वाचकांना नव्याने सांगायला नको. या वर्षी तिच्या अभ्यासात विजेचा धडा आला आणि शाळेतून निरोप आला की, एक सेल, एक छोटा बल्ब व दोन तारा घेऊन घरी ‘परिपथ’ जोडून पाहावा. मी हिशेबाच्या कार्यालयातला कारकून, पदवी वाणिज्य शाखेची; विजेशी माझा अधिकृत संबंध दर महिन्याच्या बिलापुरता. तरीही एखादा विषय मुलीशी मराठीतून बोलण्याची संधी चालून आली आहे, तर ती दवडू नये असे मला वाटले.

पहिली अडचण शब्दांपाशीच आली. हिंदी पुस्तकात तांब्याला ‘चालक’ म्हणतात. आपल्याकडे चालक म्हणजे एस.टी. हाकणारा. आपला शब्द ‘सुवाहक’, आणि ज्यातून वीज जात नाही तो ‘दुर्वाहक’. मनूने दोन्ही शब्द ऐकून घेतले आणि दुर्वाहक हे एखाद्या राक्षसाचे नाव वाटते असे मत दिले. मला तर या शब्दात थोडा अन्यायच दिसतो. तारेवरचे प्लॅस्टिक, खांबावरची चिनी माती, वायरमनच्या पायांतले रबरी बूट ही मंडळी वीज वाहून नेत नाहीत म्हणून तर आपण सुखरूप आहोत. त्यांच्या मागे ‘दुर्’ लावण्याचे काही कारण नव्हते. असो.

बल्ब पेटायला अर्धा तास लागला. त्याच्या बुडाशी असलेला शिशाचा टिपका हे एक टोक आणि भोवतालचे पितळी कडे हे दुसरे, ही गोष्ट हाताला कळेपर्यंत तारा पुष्कळ वेळा इकडच्या तिकडे झाल्या. अखेर तो पेटला. मनूने टाळी वाजवली, आणि लगेच तिच्या कपाळाला आठी पडली.

“बाबा, करंट बल्बमध्ये जाऊन खतम होतो ना? मग ही दुसरी तार कशाला?”

प्रश्न खरोखर चांगला होता. तुम्हीआम्ही प्रौढ माणसेही मनात कुठेतरी असेच समजत असतो की, दिवा वीज खातो, पंखा वीज खातो आणि वातानुकूलक तर ती बकासुरासारखी खातो. महिन्याचे बिलही या समजुतीला खतपाणीच घालते. इतके युनिट आले, इतके संपले, जणू काही पोत्यांनी धान्य आले होते. वास्तविक बल्बपर्यंत एका तारेने जितका प्रवाह जातो, तितकाच्या तितका दुसऱ्या तारेने परत येतो; रतीभरही कमी नाही. मागे राहते ती ऊर्जा. बिल तिचे असते. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते.

हे समजावण्यासाठी मी रहाटगाडग्याचा दृष्टांत घेतला. पण मनूने रहाटगाडगे पाहिलेले नाही, आणि न पाहिलेल्या वस्तूचा दृष्टांत म्हणजे एका अडचणीच्या जागी दोन. मग गच्चीत तिची सायकल उलटी करून ठेवली आणि तिला पायडल हाताने फिरवायला लावले. मागचे चाक फिरू लागले. साखळीचा एकही दुवा चाकापाशी खर्ची पडत नाही. वरच्या बाजूने जातो आणि खालच्या बाजूने परत येतो. चाकाला मिळते ती तिच्या हाताची ताकद. साखळी एका ठिकाणी तुटली तर सगळेच बंद. शिवाय पायडल हलताक्षणी चाक हलते, कारण साखळी आधीपासूनच सगळीकडे आहे. तांब्याच्या तारेतही असेच असते. सेलच्या तारेतला एकेक इलेक्ट्रॉन मुंगीच्याही मागे राहील इतक्या सावकाश सरकतो, परंतु तार त्यांनी आधीच भरलेली असल्यामुळे बटण दाबताच दिवा लागतो.

जाता जाता सेलवरच्या अधिक-वजा चिन्हांविषयी सांगायला हवे, कारण मला स्वतःला ती हकिकत फार आवडते. धन आणि ऋण ही नावे 18व्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने रूढ केली, आणि प्रवाह धनाकडून ऋणाकडे जातो असे ठरून गेले. पुढे 1897 साली जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉनचा शोध लावला. तो निघाला ऋण. म्हणजे धातूच्या तारेत खरोखर धावणारे कण पुस्तकातल्या बाणाच्या उलट दिशेने जातात! पण तोवर सगळी पुस्तके छापून झाली होती. बाण आजही तसाच आहे. एकदा झालेली नोंद बदलणे किती अवघड असते, हे आमच्या कार्यालयाबाहेरच्या लोकांनाही कळावे म्हणून ही गोष्ट सांगण्याजोगी आहे.

मनूने मग एक तार सोडवली, बल्ब विझला. दुसरी सोडवून पहिली जोडली, तरीही अंधार. तिने वहीत सुंदर अक्षरात लिहिले, ‘एका तारेने काहीच होत नाही.’ सेलपुरते हे वाक्य शंभर टक्के खरे आहे आणि त्याला परीक्षेत पूर्ण गुण मिळतील. परंतु ते तसेच तिच्या डोक्यात राहू देण्यास माझे मन तयार होईना.

मी टेस्टर आणला. भिंतीवरच्या सॉकेटला तिला हात लावू दिला नाही. मीच टेस्टरचे टोक उजव्या छिद्रात घातले आणि मागच्या टोपणावर बोट ठेवले. आतला नारिंगी दिवा लागला.

“तार किती?” मी विचारले.

“एकच.” ती गोंधळली. “पण टीचरने तर सांगितलं...”

“टीचरने सांगितले ते खरे आहे. दुसरी तार शोध.”

तिने टेस्टर खालीवर पाहिला. दुसरी तार मी होतो. टेस्टरमध्ये एक मोठा रोध बसवलेला असतो, त्यामुळे आपल्या अंगातून जाणारा प्रवाह इतका सूक्ष्म असतो की तो जाणवतसुद्धा नाही. पण तो बोटातून शिरतो, पायांतून फरशीत उतरतो आणि जमिनीकडे जातो. जमिनीतून पुढे कुठे? तेथे मला तिला थेट आमच्या वस्तीवर न्यावे लागले.

आमची वस्ती सांगली जिल्ह्यात, गावठाणापासून अर्ध्या कोसावर, उसाच्या फडांमध्ये आहे. माझ्या लहानपणी तेथे विहिरीवरच्या मोटारीसाठी तारा आल्या होत्या, पण घरांसाठी दिव्याची वेगळी लाईन आलेली नव्हती. तेव्हा लोकांनी आपली सोय आपणच केली होती. मोटारीच्या पेटीतून एक तार दिव्यापर्यंत आणायची, आणि दिव्याची दुसरी तार परसात पुरलेल्या लोखंडी कांबीला बांधायची. दिवा लागे. उन्हाळ्यात जमीन सुकली की तो मंद होई, मग आजी म्हणे, “कांबीला पाणी घाल रं.” मी तांब्याभर पाणी कांबीच्या बुडाशी ओतत असे आणि ओटीवरचा दिवा डोळ्यांदेखत उजळत असे. सकाळी तुळशीला पाणी, संध्याकाळी कांबीला. त्यात काही नवल आहे असे आम्हां मुलांना कधी वाटले नाही.

कारण साधे होते. डीपीपाशी विजेचे एक टोक मुद्दाम जमिनीत खोल पुरलेले असते. पेटीतून निघालेला प्रवाह दिव्यातून कांबीत, कांबीतून मातीत आणि मातीतून त्या पुरलेल्या टोकाकडे परत जात होता. कोरडी माती दुर्वाहक, भिजलेली बऱ्यापैकी सुवाहक. दुसरी तार होतीच. आम्ही तिच्यावर उभे होतो.

हे कोडे शास्त्रज्ञांनाही एका दमात सुटलेले नाही. 1729 साली स्टीफन ग्रे नावाचा एक वृद्ध गृहस्थ, मूळ धंद्याने रंगारी, घासलेल्या काचेच्या नळीतली वीज सुतळीवरून दूर पाठवता येते का ते पाहत होता. सुतळी रेशमाच्या दोऱ्यांवर टांगली होती तोवर वीज टोकापर्यंत पोचली. वजनाने रेशीम तुटले म्हणून त्या जागी पितळेची बारीक तार लावली, तर टोकाला काहीच पोचेना. सगळी वीज पितळेतून वाटेतच जमिनीत निघून जात होती. सुवाहक आणि दुर्वाहक यांच्यातला भेद असा हाती आला. ग्रेच्या दृष्टीने जमीन चोर होती. त्यानंतर 109 वर्षांनी, 1838 मध्ये, म्युनिक येथे स्टाइनहाइलने दाखवून दिले की तारायंत्राला परतीची तार लागतच नाही. दोन्ही टोके जमिनीत पुरली की परतीचे काम पृथ्वी करते. अर्ध्या तारेचा खर्च वाचला! आपल्याकडची तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. आधीच्या पिढीला धसका देणारी ती ‘तार’ वर्षानुवर्षे एकाच तारेवरून धावली, तिची परतीची वाट पायांखालून होती.

इथवर सांगून मी थांबायला हवे होते, असे सौ.चे मत पडले. पुढचे काय येणार हे तिला ठाऊक होते. “एवढ्याशा पोरीला कशाला सांगता?” असे ती आतून म्हणालीही. परंतु मला वाटते, दिवाणखान्यात फोटो लावलेला आहे त्या माणसाविषयी ‘करंट लागून गेले’ एवढेच तीन शब्द मुलीला ठाऊक असणे हे काही बरे नव्हे.

तात्या माझे धाकटे चुलते. 2001 च्या एप्रिलमध्ये शेतीची लाईट रात्रपाळीला होती. मध्यरात्री लाईट आली तसे तात्या उठले आणि उसाला पाणी पाजायला अनवाणी गेले. मोटार एकदा सुरू होऊन बंद पडली. दारे धरता धरता ते ओल्या पायांनी पेटीपाशी आले आणि त्यांनी पत्र्याचे झाकण उघडायला हात घातला. आतल्या एका तारेचे वेष्टन झिजून ती पत्र्याला टेकली होती. पेटीला अर्थिंग नव्हते. तात्या एकोणतीस वर्षांचे होते.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर जमलेल्या माणसांत एक वाक्य पुनःपुन्हा ऐकू येत होते: “एकाच तारेला तर पत्रा टेकला होता, तेवढ्यानं माणूस जातो होय?” कुणी दैवावर बोट ठेवले, कुणी अमावास्येवर. चौकशीच्या कागदावर ‘मृताच्या निष्काळजीपणामुळे’ असे लिहून आले, आणि त्या एका शब्दाने भरपाईचा प्रश्न मिटला. मी तेव्हा आठवीत होतो. आदल्याच वर्षी शाळेत आम्हीही सेल आणि बल्ब जोडला होता. पुस्तकात दोन तारांचे चित्र होते. आमच्या परसातल्या कांबीचे नव्हते. त्या दिवसापासून आजीने मला कांबीला पाणी घालायला सांगितले नाही. तिला कुणी काही समजावून दिलेले नव्हते.

मनू गप्प बसून ऐकत होती. मग मी तिला गणित घातले, कारण अशा वेळी मुलांच्या हाताला काम असलेले बरे. जॉर्ज ओहमचा 1827 चा नियम तिला कळेल इतक्याच बेताने सांगितला: दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. ओल्या अंगाचा रोध ढोबळमानाने 1000 ओहम धरू. सेलचा दाब दीड व्होल्ट. भागाकार दीड मिलिअँपिअर, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. म्हणून सेलशी खेळायला हरकत नाही. आता घरातली वीज, 230 व्होल्ट. तिने भागाकार केला: 230 मिलिअँपिअर. छातीतून काही थोडे दशक मिलिअँपिअर गेले तरी हृदयाची लय बिघडू शकते, हे मी सांगितले. तिने आकडा खोडला नाही. पेन्सिलीने त्याच्याभोवती गोल केला.

“मग चिमणी तारेवर कशी बसते?” तिने विचारले, आणि मी तोंड उघडण्याआधी स्वतःच म्हणाली, “तिने जमिनीला हात लावलेला नाही.”

पुस्तक लिहिणाऱ्यांशी माझे भांडण नाही. मुलांना सेल आणि बल्बापासून शिकवावे हेच योग्य. पण त्याच धड्याच्या शेवटी घरातल्या तीन छिद्रांचे एक चित्र असावे एवढीच विनंती आहे. तीन पिनांपैकी वरची पिन जाड आणि लांब का असते? प्लग घालताना ती सर्वांआधी जोडली जावी आणि काढताना सर्वांनंतर सुटावी म्हणून. ती उपकरणाच्या पत्र्याला जमिनीशी बांधून ठेवते; पत्र्याला वीज टेकलीच तर तिला माणसापेक्षा सोपी वाट मिळते, भरमसाठ प्रवाह वाहतो आणि फ्यूज उडतो. आपल्याकडे मात्र त्या वरच्या छिद्राचा उपयोग पेन्सिल खुपसून दोन पिनांचा प्लग आत ढकलण्यासाठी होतो. मनूला त्या तारेचे ‘अर्थ’ हे नाव ऐकून हसू आले. तिला वाटले, अर्थ म्हणजे मतलब. मराठी पुस्तकात तिला भूसंपर्क तार म्हणतात. पण वायरमनच्या तोंडी ‘अर्थिंग’च आहे, आणि अर्थखात्यात आयुष्य घालवणाऱ्या माणसाला तो शब्द गैर वाटण्याचे कारण नाही.

आणि मग आमच्या खात्याचाच म्हणावा असा एक नोकर मी तिला दाखवला. फळ्यावर मुख्य खटक्याशेजारी एक पांढरी डबी आहे. तिला आरसीसीबी म्हणतात. आम्ही राहायला आलो तेव्हा ती येथे नव्हती. अर्जाची वाट न पाहता मी ती पदरच्या पैशाने बसवून घेतली. तिच्या पोटात लोखंडाचे एक कडे असते आणि जाणारी व येणारी अशा दोन्ही तारा त्यातून ओवलेल्या असतात. जितका प्रवाह गेला तितकाच परत आला तर दोघांचे परिणाम एकमेकांना पुसून टाकतात आणि कडे स्वस्थ राहते. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला तर खटका पडतो. कारण गेला तितका परत आला नाही, याचा अर्थ कुणीतरी तिसरीच वाट झाली आहे. आणि ती वाट कदाचित एखाद्या माणसाच्या अंगातून असेल. डबी हे विचारत बसत नाही की फरक कुठे गेला. आम्ही कारकून वर्षअखेरीस ताळा जुळेना म्हणून चार-चार रात्री बसतो. ही दर क्षणी ताळा पाहते आणि जुळला नाही की सेकंदाच्या एका अंशात वही मिटून टाकते. ‘टी’ अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबून तिची परीक्षा घ्यायची असते. ते काम आता मनूकडे आहे. पहिल्या वेळी तिने पूर्वसूचना न देता दाबले, तेव्हा मिक्सरमध्ये चटणी अर्धवट राहिली आणि स्वयंपाकघरातून अस्खलित मराठी ऐकू आली.

त्याच रविवारी मी गावी फोन लावला. तात्यांचा मुलगा आता शेती पाहतो. त्याला म्हटले, विहिरीवर अर्थिंग नीट करून घे आणि पेटीत अशी डबी बसव.

“ती बसवली होती की दादा, गेल्या साली,” तो म्हणाला. “पण सारखी पडायची. मोटार दोन मिनिटं चालली की टपकन खाली. उसाला पाणी कसं पाजायचं? वायरमननं काढून टाकली अन् थेट जोडून दिलं. आता काय त्रास नाही.”

फोन मोठ्या आवाजात होता. मनू वहीवरून मान वर करून म्हणाली, “बाबा, काकांना सांगा, ती डबी खराब नव्हती. मोटारमधून करंट जमिनीत जातोय.”

मी तसे सांगितले. पलीकडे थोडा वेळ मोटारीचा घरघर आवाजच येत राहिला. मग भाऊ म्हणाला, “बघतो.”

‘बघतो’ या शब्दाची मुदत किती असते हे आपल्यासारख्यांना सांगायला नको. दिवाळीला अवकाश आहे. म्हणून पुढच्या आठवड्यातली चार दिवसांची रजा टाकली आहे आणि निजामुद्दीनहून मिरजेची तिकिटे काढली आहेत. मंजुरी आली नाही तरी जाणार आहे. भावाला तोवर एकच सांगितले आहे की, पेटीला हात लावण्यापूर्वी वरचा मेन पाड आणि पायात कोरडी रबरी चप्पल घाल. त्याने हो म्हटले आहे. मनूने आपल्या पिशवीत वही घेतली आहे. टेस्टर माझ्या पिशवीत आहे.